साखऱ्याच्या काचा

मोठ्या डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "तुम्ही काचा फक्त रंगवायच्या. वाचायच्या नाहीत. वाचायला यंत्र आहे."

मी तेव्हा हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात प्रयोगशाळा सांभाळत होते. प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, एक गळकं बेसिन, एक मायक्रोस्कोप आणि मी. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता आणि आणीबाणी उठून वर्षभर झालं होतं. थुंकी, लघवी, मलेरियाचं रक्त हे माझं रोजचं काम. पण औरंगाबादला कोर्स करत असताना तिथल्या एका वयस्कर बाईडॉक्टरांनी मला सहा महिने शेजारी बसवून गर्भाशयाच्या तोंडाच्या काचा पाहायला शिकवल्या होत्या. लाकडी चपट्या काडीने तिथला पातळ थर काढायचा, काचेवर पसरायचा, ओला असतानाच स्पिरिटमध्ये बुडवायचा, रंग द्यायचा आणि मग मायक्रोस्कोपखाली काठापासून काठापर्यंत पाहायचा. कॅन्सर व्हायच्या कितीतरी वर्षं आधी तिथल्या पेशी बिघडायला लागतात, त्या अशा काचेवर दिसतात. "घाईत पाहिलेली काच ही न पाहिलेल्या काचेपेक्षा वाईट," असं त्या बाई म्हणायच्या. मी ते वहीत लिहून घेतलं होतं. वहीत लिहिलेलं किती पाळलं, ते पुढे सांगतेच.

माझे वडील रेल्वेत गँगमन होते. आमच्या बौद्धवाड्यातली सरकारी नोकरीला लागलेली मी पहिली मुलगी. त्यामुळे वरच्या माणसाने काही सांगितलं की मान हलवायची, ही सवय अंगात मुरलेली. मी मान हलवली.

मोठे डॉक्टर आले होते मोठ्या शहरातून. सफारी, काळा चष्मा, सरकारी जीप आणि दोन मदतनीस. परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठात एक यंत्र तयार होत होतं. मायक्रोस्कोपला कॅमेरा, कॅमेऱ्याला कपाटाएवढा कॉम्प्युटर. काच आत सरकवायची, कॉम्प्युटर पेशी मोजतो, मापतो आणि रोगी कोण, निरोगी कोण हे कागदावर छापून देतो. डॉक्टरांनी दवाखान्याच्या भिंतीवर चादर लावून त्या यंत्राचा फोटो दाखवला. तहसीलदार, गटविकास अधिकारी, आमचे दवाखान्याचे डॉक्टर असे सगळे खुर्च्यांवर. मागे भिंतीला टेकून मी आणि सिस्टर.

"माणूस थकतो," डॉक्टर म्हणाले. "यंत्र थकत नाही. आपल्या बायका काचा बघतात तेव्हा त्यांच्या डोक्यात स्वयंपाक असतो, सासू असते. यंत्राला सासू नसते."

सगळे हसले. तहसीलदार तर मांडीवर थाप मारून हसले. तेवढ्यात वीज गेली आणि यंत्र चादरीवरून नाहीसं झालं.

सिस्टर माझ्या कानाशी पुटपुटली, "यंत्राले पिशवी बी नसते. त्याले काय कळते वं पिशवीचं?"

या सिस्टरविषयी सांगायला हवं. ती वाशीमकडची. पंधराव्या वर्षी विधवा झाली, भावाने शिकवली, आणि तेव्हापासून खेडोपाडी बाळंतपणं करत होती. वय पन्नाशीच्या पुढे, आवाज मोठा, जीभ धारदार. मला ती 'पोरी' म्हणायची आणि तिच्या डब्यातली भाकर मोडून अर्धी माझ्यापुढे ठेवायची. माझं आडनाव विचारल्यावरही ठेवायची. त्या दवाखान्यात असं करणारी ती एकटीच होती.

आता हे यंत्र परदेशात, मग काचा आमच्याकडच्या कशाला? मी भीतभीत विचारलं, तेव्हा एका मदतनिसाने खरं ते सांगून टाकलं. त्यांच्या देशात बायांची तपासणी वरचेवर होते. रोग लवकर सापडतो, लवकर काढतात. यंत्राला शिकवायला पुरेसा रोगच मिळेना. आमच्याकडे तो भरपूर. म्हणजे आमच्या बाया तपासायला हे यंत्र आलेलंच नव्हतं, यंत्राच्या शाळेसाठी आमच्या बाया पाहिजे होत्या. डॉक्टरांच्या भाषणात हे वाक्य नव्हतं.

काचा जमवायचं पहिलं शिबिर आखाडा बाळापूरला, ते ठीक झालं. ग्रामपंचायतीची बंद खोली होती, स्पिरिट होतं, बायाही बऱ्याच आल्या. मग पोळा झाल्यावर साखऱ्याला गेलो.

जीप दिसताच साखऱ्यातले पुरुष शेतात पळाले. नसबंदीची जीप त्यांच्या डोळ्यांपुढून अजून हलली नव्हती. बाया दारं लावून बसल्या. डॉक्टर शाळेच्या व्हरांड्यात घड्याळ पाहत उभे राहिले. "अज्ञान," ते म्हणाले. "या देशाचं काही होणार नाही." आणि टेबलावरचा डबा उघडून सँडविच खायला लागले.

सिस्टर मात्र गावात शिरली. अर्ध्या तासाने दहा-बारा बाया तिच्यामागे चालत आल्या. एक म्हातारी मोठ्याने विचारत होती, "काहून पाह्यता वं तिथं? लेकरं तं झाली आमची समदी."

"लेकरं झाली म्हून तं पाह्याचं," सिस्टर म्हणाली. "पहिली मीच झोपते टेबलावर. माह्यं काई कापलं का ते तुमीच पाहा. मंग तुमी या."

आणि ती खरंच पहिली झोपली. वर्गात चादरीचा पडदा केला होता. म्हातारी पडद्याआड जाऊन स्वतः उभी राहिली, पाहिलं आणि बाहेर येऊन म्हणाली, "न्हाई कापलं. काडी फिरवली नुसती." मग रांग लागली. डॉक्टरांनी त्या दिवशीचं यश नंतर आपल्या 'जनसंपर्क कौशल्या'च्या नावावर अहवालात लिहिलं, हे त्याच्या टाइप केलेल्या प्रतीत मी स्वतः वाचलंय.

प्रत्येक बाईच्या दोन काचा घ्यायच्या होत्या. एक यंत्राची, एक हिंगोलीला राखीव. नावं नाहीत, नंबर. बाईला हाक मारायची तीही नंबरने. बायांना आपले नंबर कळेनात, मदतनीस ओरडत राहिले.

आणि पहिल्याच काचेपासून स्पिरिट नव्हतं. भरलेला कॅन निघाला होता, साखऱ्याला पोचेपर्यंत तो रिकामा झाला. दारूबंदीच्या त्या दिवसांत स्पिरिट कुठे उडून जातं, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. जीपचा ड्रायव्हर दिवसभर फार प्रेमळ वागत होता. आता काचा बुडवायच्या कशात? मदतनिसांनी त्या व्हरांड्याच्या कट्ट्यावर ओळीने मांडून ठेवल्या. शाळेच्या तिन्ही बाजूंनी ज्वारी उभी होती, पुरुषभर उंच, ऐन फुलोऱ्यात. वारा सुटला की पिवळसर धुरळा उठायचा आणि अंगावर बसायचा.

मी डॉक्टरांना म्हणाले, "साहेब, काचा अशा वाळवून चालत नाहीत. पेशी फुगतात. आणि वरून काहीबाही पडतंय."

"यंत्राला चालतं," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले. त्यांनी ते यंत्र पाहिलं होतं, आणि काचा मी पाहिल्या होत्या. एवढ्यावरून कोणाचं ऐकायचं ते ठरलेलंच होतं.

मी काचा रंगवल्या, यंत्राच्या काचा खोक्यात भरून दिल्या, राखीव काचा लाकडी पेटीत ठेवल्या. पेटीतल्या काचा मी वाचल्या नाहीत. मनात आलं होतं. पण वाचायच्या नाहीत असा हुकूम होता, आणि मी गँगमनची पोर, लाल झेंडी दिसली की थांबायचं.

तीन महिन्यांनी कागद आला. लांबलचक, दोन्ही कडांना भोकं पाडलेला, घड्याघड्यांचा. डॉक्टर स्वतः तो घेऊन आले आणि लग्नपत्रिकेसारखा सगळ्यांना हाताळायला दिला. नंबर आणि पुढे आकडा. एक म्हणजे निरोगी, दोन म्हणजे संशयित, तीन म्हणजे वाचता आली नाही. बाळापूरच्या बाया बहुतेक एक. साखऱ्याच्या निम्म्याहून जास्त बायांपुढे दोन.

कुणालाही वाटेल, डॉक्टर घाबरले असतील. ते हरखले. "साखऱ्यात काहीतरी स्थानिक कारण असलं पाहिजे," ते खुर्चीतून उठून फेऱ्या मारत म्हणाले. "पाणी? तंबाखू? तिथे मेंढ्या पाळतात ना? मेंढ्यांचा काही संबंध?" दुसऱ्या दिवशी त्यांनी साखऱ्याच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून आणवलं. एका मेंढीचं रक्तही काढायला लावलं. मेंढी मोठ्याने ओरडली, पण तिने काही कबूल केलं नाही.

कागदाची नक्कल ग्रामपंचायतीत गेली. नंबरांपुढे नावं लावून ती कुणीतरी चावडीवर वाचली. कोणी वाचली यावर नंतर सगळ्यांनीच हात झटकले. संध्याकाळच्या आत गावात त्या बायांना 'मशीनवाल्या' म्हणायला लागले. विहिरीवर त्यांच्या घागरी बाजूला काढल्या गेल्या. कॅन्सर शिवल्याने होतो की नाही हे कोणी विचारलं नाही. सांगायलाही कोणी गेलं नाही, कारण जीप तेव्हा पाण्याची बाटली घेऊन परभणीला गेली होती.

त्यात एक तरुण मुलगी होती. माहेर बाळापूरचं, लग्नाला दोन वर्षं झालेली, सासर साखऱ्यातलं मेंढ्या राखणारं घर. तिच्यापुढे दोन. सासूने तिचं लुगडं-चोळी गाठोड्यात बांधली आणि तिला एसटीत बसवून दिली. जाताना म्हणाली म्हणे, "बरी झाली की ये." बरी कशातून व्हायचं, ते त्या दोघींनाही माहीत नव्हतं.

हे सगळं मला सिस्टरने सांगितलं. सांगताना तिने तो कागद माझ्या टेबलावर पसरला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. साखऱ्याची पहिली काच तिचीच होती. तिच्यापुढेही दोन.

"घे," ती हसत म्हणाली. "मले बी नंबर लागला."

त्या दुपारी मी पेटी उघडली. सगळ्यात आधी लावली ती त्या बाळापूरच्या मुलीची काच. पेशी वाळून फुगलेल्या होत्या, पण त्यांच्यात वाईट काही नव्हतं. आणि त्यांच्यावर, त्यांच्यामध्ये, जागोजाग गोल, गुळगुळीत, गडद दाणे. प्रत्येकावर एक बारीक भोक. सगळे सारखे, एका साच्यातून काढल्यासारखे. बिघडलेल्या पेशी अशा सारख्या कधीच नसतात. दुसरी काच लावली, तेच. तिसरी, तेच.

मी खोलीला कुलूप घातलं आणि रेल्वे क्वार्टरच्या मागच्या शेताकडे गेले. रब्बीची ज्वारी तिथे फुलोऱ्यात आली होती. एक कणीस रुमालात घेतलं, खोलीवर येऊन काचेवर झटकलं, वाळवलं, तोच रंग दिला आणि मायक्रोस्कोपखाली ठेवलं. तेच दाणे, म्हणजे फुलोऱ्याचे परागकण. तेच भोक.

सिस्टरला बोलावलं. तिने एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसऱ्या काचेवर पाहिलं.

"अवं, हे तं ज्वारी हाय!" ती ओरडली.

आम्ही दोघी पोट धरून हसलो. परदेशातलं विद्यापीठ, कपाटाएवढा कॉम्प्युटर, भोकंवाला कागद, आणि त्याने शोध काय लावला तर साखऱ्यात ज्वारी पिकते! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. मग मी तशीच हसत बाकीच्या काचा काढायला घेतल्या. एकेक लावायची, ज्वारी दिसली की बाजूला ठेवायची. सिस्टरची काच लावली. ज्वारी दिसली.

"सिस्टर, तुमच्यात तर खळंच पडलंय," मी म्हणाले आणि काच काढली.

साखऱ्याच्या सगळ्या काचा मी त्या एका बैठकीत उरकल्या.

डॉक्टर दोन दिवसांनी आले. मी टेबलावर दोन काचा मांडून ठेवल्या होत्या, एक साखऱ्याची, एक रेल्वेमागच्या ज्वारीची. मायक्रोस्कोप लावून तयार होता. मी सांगितलं. ते ऐकत उभे राहिले, पण वाकले नाहीत. डोळा आणि मायक्रोस्कोप यांच्यात वीतभर अंतर होतं, ते त्यांनी शेवटपर्यंत ओलांडलं नाही.

"तुमचं शिक्षण काय?" त्यांनी विचारलं.

"मॅट्रिक आणि कोर्स."

"हे यंत्र ज्यांनी बनवलं त्यांनी आयुष्य घातलंय त्यात. त्यांना पेशी आणि धूळ यातला फरक कळत नसेल, असं तुमचं म्हणणं आहे?"

"त्यांच्याकडे ज्वारी नसंल, साहेब. यंत्रानं कधी पाहिलीच नसंल."

त्यांनी दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "हे आधी कोणाला सांगितलंय?"

त्या प्रकल्पात त्यांनी मला विचारलेला हा एकमेव मनापासूनचा प्रश्न. अहवाल पाठवला गेलाय, तो मागे घेता येत नाही, बायांना पुन्हा बोलावू, तोवर तोंड बंद ठेवा, असं सांगून ते गेले. आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी मात्र वाकून पाहिलं. भला माणूस. बराच वेळ पाहिलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "दिसतंय खरं. पण माझी सही मागू नका."

मग सिस्टरनेच ठरवलं. रविवारी मायक्रोस्कोप जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि आम्ही एसटीने साखऱ्याला गेलो. त्या मायक्रोस्कोपला खाली आरसा होता, उन्हावर चालायचा. शाळेच्या व्हरांड्यात तो लावला, शेजारी ज्वारीचं कणीस ठेवलं आणि सिस्टर गावातून बाया घेऊन आली.

एकेक बाई वाकली आणि पाहू लागली. जे काम सफारीवाल्याला जमलं नव्हतं ते त्यांना कमरेवर लेकरू घेऊन जमलं. शिबिरातली ती म्हातारी पाहून झाल्यावर म्हणाली, "आता गं माय! आमच्या पिशवीत ज्वारी गेली व्हय?"

"पिशवीत न्हाई, आजी. काचेवर पडली. बाहेर वाळत घातली होती ना."

"मंग त्या डाक्टराला सांगायचं न्हाई का कोनी, की शेतात काही वाळत घालत्यात तवा वरून झाकत्यात?"

बाया हसल्या, आणि हसता हसता डॉक्टरांच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. उन्हात उभी राहून मी मिरवत होते. यंत्राला हरवलं होतं ना मी.

त्या मुलीची सासूही आली होती, घोंगडी पांघरून, गर्दीच्या मागे. तिने पाहिलं. मग मला विचारलं, "कोनाच्या तुमी?" मी सांगितलं. तिने लुगड्याचा पदर किंचित आवरला. तरी बोलली नीट. "दिसाया दिसलं, बाई. पन त्याचा कागद हाय, सिक्क्याचा. तुमचा कागद हाय का?"

मी तिथल्या तिथे वहीचं पान फाडून लिहून दिलं, सही केली.

"सिक्का?" ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात मी प्रयोगशाळेचा रबरी शिक्का मारलेला कागद घेऊन पुन्हा गेले. तोवर त्या घरात दुसरीकडे सोयरीक बोलून झाली होती. सासू म्हणाली, आता शब्द गेला. एका कागदाने सून जाते आणि दुसऱ्या कागदाने ती परत येत नाही, हे मला शाळेत कोणी शिकवलं नव्हतं.

मी तोच कागद घेऊन बाळापूरला तिच्या माहेरी गेले. ती अंगणात शेंगा फोडत बसली होती. कागद तिने दोनदा वाचला, चौथीपर्यंत शिकलेली होती.

"म्हंजे मला काहीच न्हाई झालेलं?"

"काहीच न्हाई."

"आन् ह्यो दाखवून मी नांदाया जाऊ म्हंता?" ती म्हणाली. "कागदावरून ज्यानं सोडली, ताई, तो उद्या कशावरूनबी सोडील. मला न्हाई जायचं." कागद मात्र तिने ठेवून घेतला. पुढे गावातल्या बालवाडीत तिला काम मिळालं आणि तिने तिथेच आयुष्य काढलं. दुसरं लग्न केलं नाही. तिला कोणी विचारलं नाही की तिने कोणाला होकार दिला नाही, मला माहीत नाही.

डॉक्टरांचं काय झालं? चांगलंच झालं. साखऱ्याचं पाणी आणि साखऱ्याच्या मेंढ्या यांवर त्यांचा लेख कुठल्याशा जर्नलमध्ये छापून आला आणि त्यांना बढती मिळाली. बायांना पुन्हा बोलावलं नाही. प्रकल्प गुंडाळला. मी वर्षभर ही गोष्ट ज्याला त्याला सांगत सुटले होते. चहाच्या टपरीवर, रेल्वेच्या डब्यात, आमच्या वाड्यातल्या लग्नांत. प्रत्येक वेळी लोक हसायचे, प्रत्येक वेळी मी थोडी उंच व्हायची.

दोन वर्षं गेली. सिस्टर बारीक व्हायला लागली. डब्यातली भाकर आता ती अर्धीच्या जागी सगळी माझ्यापुढे सरकवायची. मी विचारलं की म्हणायची, "वय झालं, पोरी." एक दिवस वॉर्डातून येताना ती भिंत धरून उभी राहिली. मी तिला खोलीत आणून बसवलं, तेव्हा तिने सांगितलं. पाळी बंद होऊन पाच-सहा वर्षं झालेली, आणि चार महिन्यांपासून अंगावरून लाल जात होतं.

"चार महिने? आणि तुम्ही सिस्टर असून सांगितलं नाही?"

"कोनाले सांगू? त्या मशीनले?" ती म्हणाली.

ती वॉर्डात परत गेल्यावर मी पेटी काढली. काढायची हिंमत होत नव्हती, तरी काढली. तिची काच लावली. ज्वारी दिसली. या वेळी काच मी काढली नाही, सरकवत गेले, काठापासून काठापर्यंत, जशी मला शिकवली होती तशी. डाव्या कडेला, दाण्यांच्या एका ढिगाशेजारी, पेशींचा एक पुंजका होता. कमी-जास्त आकाराच्या, एकमेकींवर रेललेल्या, शाई सांडल्यासारखी केंद्रं. औरंगाबादच्या बाईंनी मला असे शेकडो पुंजके दाखवले होते. कोणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी ओळखला असता. त्या दुपारी मी काच त्या कडेपर्यंत सरकवलीच नव्हती. मी हसत होते.

मग यंत्राने काय पाहिलं होतं? त्याच्याकडे गेलेल्या तिच्या जोडकाचेवर असाच पुंजका, की नुसती ज्वारी? मी मोठ्या डॉक्टरांना पत्र लिहिलं, नम्रपणे लिहिलं, की सिस्टरच्या त्यांच्याकडच्या काचेवर यंत्राला नेमका कुठे संशय आला होता ते कळेल का. उत्तर आलं नाही. यंत्र बरोबर होतं की नुसतंच आंधळेपणाने बरोबर ठरलं, हे मला आजही माहीत नाही. पण काचेवर रोग होता, कागदावर दोन लिहिलेलं होतं, आणि 'ज्वारी आहे' असं म्हणून तो कागद फेकणारी मी होते. डॉक्टर वाकले नव्हते म्हणून मी त्यांना हसत होते. मी वाकले होते, तरी पाहिलं नव्हतं. दोघांत जास्त नालायक कोण, हे ठरवायला मला यंत्राची गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी सिस्टरला सांगितलं. लपवलं नाही. ती खाटेवर बसून ऐकत होती, पदराने हात पुसत.

"म्हंजे तू बी मशीनच निघाली वं," ती म्हणाली.

मी रडायला लागले. तिने मला जवळ घेतलं नाही, समजूतही घातली नाही. "रडू नको मले पाहून," ती म्हणाली. "चहा ठेव. मंग कुठं जायचं ते पाहू."

मोठ्या सरकारी दवाखान्यात तिला घेऊन मी गेले. तुकडा तपासला, रोग निघाला. शस्त्रक्रियेची वेळ गेली होती, रेडियमचे किरण दिले. तिथल्या वॉर्डात ती शेजारच्या बायांना दमात घ्यायची, "लाजू नका, सांगा नीट, लाजल्यानं मी अशी झाली." तीन महिन्यांनी कामावर परत आली. दीड वर्ष काम केलं. माझ्याशी पहिल्यासारखी बोलायची, पण माझ्या खोलीत कधी हसली नाही. मीही ती अपेक्षा ठेवली नाही.

मग दुखणं पुन्हा उठलं आणि भावाने तिला वाशीमला नेलं. तिथेच ती गेली. मला तार दुसऱ्या दिवशी मिळाली. कनेरगाव नाक्यावर बस दीड तास बंद पडली आणि मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. मी तेराव्यापर्यंत थांबले. घरातलं कोणी मला काही बोललं नाही. सिस्टरने माझ्याविषयी काय सांगून ठेवलं होतं, मला माहीत नाही.

निघायच्या दिवशी सिस्टरची भावजय मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. पन्नाशीची, घाबरट बाई. दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "ताई, माही बी तपासता का? मले बी कधीकधी जाते अंगावरून. घरच्यायले नाई सांगतलं."

मी तिला वाशीमच्या दवाखान्यात नेलं, तिथल्या बाईडॉक्टरकडून काच घेतली, ओली असतानाच स्पिरिटमध्ये बुडवली आणि बाटली मांडीवर धरून हिंगोलीला आणली. रंगवली. सकाळी दहाला बसले ती दोनला उठले, जेवायलाही गेले नाही. काच स्वच्छ होती. नुसती सूज होती, औषधाने जाणारी.

पत्रात तसं लिहिलं. पत्र पेटीत टाकायच्या आधी काच पुन्हा लावली आणि पुन्हा पहिल्यापासून पाहिली.